गाडी पाहून होईपर्यंत चहा नाही

मोटार मिस्त्री म्हणजे मोडलेली गाडी दुरुस्त करणारा माणूस, अशी लोकांची समजूत असते आणि ती काही चुकीची नाही. पण पन्नासच्या दशकात, चंद्रपूरला अजून सगळे चांदाच म्हणत होते तेव्हा, जटपुरा गेटाजवळच्या माझ्या पत्र्याच्या शेडमध्ये येणारी निम्मी गिऱ्हाइकं गाडी न आणताच यायची. दारात घुटमळायची, इकडंतिकडं पाहायची आणि हळूच म्हणायची, "मिस्त्री, एक गाडी पाह्यची होती." वधू पाहायला जाताना जसा एक जाणता माणूस सोबत घ्यावा, तसं मला घेऊन जायची. दुसऱ्याची जुनी मोटार घेण्याआधी तिसऱ्याच माणसानं ती तपासून द्यायची, असा हा धंदा. त्याला नाव नव्हतं आणि पाटीही नव्हती. माझं काम बहुतेक वेळा एकच असायचं, ते म्हणजे चारचौघांत "नाही" म्हणणं. ते काम मी मोठ्या आनंदानं करत असे, हे इथं सांगून टाकतो.

लढाई संपल्यावर मिलिटरीच्या जीपा आणि ट्रक लिलावात निघाले आणि आमच्या जंगलपट्टीत त्यांचा पूर आला. सागवानाचे ठेकेदार, तेंदूपत्त्याचे ठेकेदार, भाताच्या गिरणीवाले, सगळ्यांना चाकं हवी होती. चाकांच्या वर काय आहे ते कळणारे मात्र थोडे. मी लढाईत मिलिटरीच्याच वर्कशॉपात हात काळे केले होते, त्यामुळं त्या गाड्यांचं बालपण मला ठाऊक होतं. तिथल्या माझ्या उस्तादांचं एक सांगणं होतं. पोटात गेलेला रस्सा जिभेवर येतो, म्हणून गाडी पाहून मत देईपर्यंत कोणाच्या घरचं काही खायचं-प्यायचं नाही. विकणाऱ्याचं तर नाहीच, पण घेणाऱ्याचंही नाही. पाणीसुद्धा आपलं आपण न्यायचं.

हा नियम पुण्यामुंबईत चालून गेला असता. आमच्या झाडीपट्टीत दारी आलेल्याला चहा पाजल्याशिवाय लोक नावही विचारत नाहीत. तिथं मी खांद्याला मिलिटरीची पाण्याची बाटली लटकवून बसायचो आणि समोर आलेल्या कपाला हात जोडायचो. म्हाताऱ्या बाया रुसायच्या. कोणी म्हणे याला जातीचा गर्व आहे, कोणी म्हणे पोटात व्रण आहे. शेवटी माझं नावच बिनचहाचा मिस्त्री पडलं. गाडी पास झाली की मात्र मी दोन कप मागून घ्यायचो, आणि नापास झाली की कोणी विचारायचं नाही. म्हणजे त्या काळात मला चहा फारच कमी मिळाला, हे चाणाक्ष वाचकांच्या लक्षात आलं असेलच.

गाडी कशी पाहायची, ते थोडक्यात सांगतो. नवशिक्या माणूस आधी बॉनेट उघडतो. मी आधी बॉनेटवर नुसता हात ठेवायचो. गरम लागलं, तर विकणाऱ्यानं आपण यायच्या आधीच इंजिन चालू करून ठेवलेलं असतं. थंड असताना ते उठत नाही हे त्याला माहीत असतं. मग टायर पाहायचे. एका बाजूनं जास्त झिजले असतील तर गाडीची हाडं वाकलेली आहेत. मग वास घ्यायचा. एकदा मूल गावाजवळच्या एका लाकूड ठेकेदाराचा ट्रक पाहायला गेलो. गिअरबॉक्स इतका शांत, की देवळात बसल्यासारखं वाटावं. एवढ्या जुन्या ट्रकचा गिअरबॉक्स शांत असूच शकत नाही. झाकण उघडलं तर आत ग्रीसमध्ये कालवून लाकडाचा भुसा ठासलेला. दात झिजले की आवाज येतो, आणि तो दाबायला भुसा. ही युक्ती सगळीकडं चालते, पण आमच्याकडं भुसा सागवानाचा असतो. मी चिमूटभर हुंगून म्हणालो, "ट्रक नका घेऊ, पण भुसा उंची आहे." ठेकेदार वर्षभर माझ्याशी बोलला नाही.

मीही कधीकधी तोंडघशी पडलो. एक जीप मी अगदी छाती ठोकून पास केली आणि घेणाऱ्याच्या आग्रहावरून तिच्यातच बसून मोहर्लीकडं निघालो. जंगलाच्या ऐन मध्यात ती थांबली. मी जीपखाली शिरलो, आणि वर बसलेला नवा मालक वाघाच्या नावानं देवाचा धावा करू लागला. एक साधी तार सुटली होती. पण त्या दिवसापासून तो माणूस मला पाहिलं की आधी आजूबाजूची झाडी न्याहाळायचा.

आज मात्र मला एकाच गाडीची गोष्ट सांगायची आहे, कारण तशी गाडी मी जन्मात पुन्हा पाहिली नाही.

वडशाजवळच्या एका गावात बळीराम नावाचे शेतकरी होते. सगळे त्यांना बळीभाऊ म्हणत. पंचक्रोशीत ते प्रसिद्ध होते बैलाच्या पारखीसाठी. बाजारात बळीभाऊंनी नुसती मान हलवली की सौदा मोडायचा. म्हणजे जे काम मी मोटारींचं करत होतो, तेच ते बैलांचं करत होते, आणि माझ्यापेक्षा जास्त काळ. एके दिवशी ते माझ्या शेडमध्ये येऊन एका टायरवर बसले आणि म्हणाले, "मिस्त्री, मले बैलाचे दात समजते. मोटारीचे दात कुठी रायते ते तुमी पाहून द्या."

हकीकत अशी होती. त्यांची एकुलती एक लेक कौसल्या. तिचं लग्न चांद्याच्या एका ठेकेदाराच्या मुलाशी ठरलं होतं. मुलाचं नाव मनोहर. सुपारी फुटली होती, गावजेवणाचं ठरलं होतं. मुलाकडचे म्हणाले होते, आम्ही सुधारलेली माणसं, हुंडा घेत नाही. फक्त मुलाला दोन सीटांची उघडी विलायती मोटार हवी आहे, आणि योगायोगानं मुलाच्या एका मित्राकडं तशी विकाऊ आहे. ती मोटार घ्यायची तर बळीभाऊंना तळ्याखालची बांधी विकावी लागणार होती. बांधी म्हणजे भाताचं बांध घातलेलं शेत, आणि तळ्याखालची म्हणजे पावसानं दगा दिला तरी पिकणारी. त्यांच्या सगळ्या घराचं पोट त्या बांधीवर होतं. मोटार नाकारावी तर ठरलेलं लग्न मुलीकडच्यांनी मोडलं असा बोभाटा होणार, आणि मग कौसल्येला दुसरं स्थळ येणं कठीण. "मोटार चांगली निंगाली तं बांधी गेली तरी चालन," ते म्हणाले. "पन खराब मोटारीपायी बांधी गेली, तं मी बजारात तोंड दाखवाचा नाई."

त्यांनी आणखी एक अट घातली. बैल घेताना ते एक रात्र आपल्या गोठ्यात बांधून पाहत. चारा नीट खातो का, रात्री लाथा झाडतो का, आणि मुख्य म्हणजे सकाळी गारठ्यात कसा उठतो. मोटारही तशीच एक रात्र अंगणात बांधायची. मला हसू आलं, पण विचार केल्यावर वाटलं, याहून चांगली तपासणी मिलिटरीलाही सुचली नव्हती.

थंडीचे दिवस होते. मी छोट्या रेल्वेनं वडशाला उतरलो आणि बैलगाडीनं गावात गेलो. मोटार ब्रह्मपुरीच्या बाजूनं येणार होती. उन्हाळा-हिवाळ्यात वैनगंगेच्या वाळूवर बांबूचे तट्टे अंथरून रस्ता करत. त्या तट्ट्यांवर ती मोटार पोटावर बसली आणि शेवटी बैल लावून काढावी लागली, हे गाडीच्या आधी गावात पोचलं होतं. मग संध्याकाळच्या आत ती आली. लालभडक, लांब नाकाची, बुटकी, हेडलाइट बेडकाच्या डोळ्यांसारखे वर आलेले. कोणी इंग्रज साहेब मायदेशी जाताना विकून गेला होता. खरं सांगतो, मला ती पाहताक्षणी आवडली. लोकांच्या गाड्यांना नावं ठेवत हिंडणाऱ्या माणसाच्या मनात एक गाडी असतेच. माझ्या मनातली ही होती.

चालवत होता तो मालक म्हणवणारा मित्र. नाव वामन आणि उंची ताडाएवढी. गुडघे स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंनी वर आलेले, जणू लहान मुलाच्या खुर्चीत बसवलंय. शेजारी नवरदेव मनोहर, ठेंगणा, गोरागोमटा, तोंडात पान, पायात चकचकीत बूट. बुटांच्या टाचांना लोखंडी नाल मारलेले, त्यामुळं तो अंगणात चालला की टाकटाक वाजायचं. गावातली पोरं त्याच्या मागं नुसती आवाज ऐकायला फिरत होती.

बळीभाऊंच्या घरातून चहा आला. कौसल्याच घेऊन आली. पाहुण्यांनी घेतला, मी हात जोडले आणि नियम सांगितला. ती जरा थांबली. सावळी, सडसडीत, डोळ्यांत खट्याळपणा. हळू आवाजात म्हणाली, "मंग मत झाल्यावर पेजा. पन तुमी फक्त मोटारच पायता का जी, का मानसंबी पायता?"

मी म्हणालो, माणसं पाहायचं काम माझं नाही, त्यांचे गिअर बाहेरून दिसत नाहीत. ती म्हणाली, "तेच तं." आणि कप घेऊन आत गेली. तिच्या दोन शब्दांनी मला जरा अस्वस्थ केलं. घरातल्या भानगडीत पडायचं नाही, मत फक्त गाडीवर द्यायचं, हा माझा दुसरा नियम होता.

मी कामाला लागलो. इंजिन स्वच्छ, तेल स्वच्छ, चासी म्हणजे खालचा सांगाडा सरळ. भुसा नाही, गंज नाही. गावाबाहेरच्या बैलवाटेवर चालवून पाहिली तर पाखरासारखी पळाली. मला नाव ठेवायला जागा सापडेना आणि मला वाईट वाटायचं सोडून बरंच वाटू लागलं. परत आलो आणि बारीकसारीक पाहू लागलो. तिथं पहिल्यांदा मनात पाल चुकचुकली.

चालवणाऱ्याची सीट पार पुढं ओढून बोल्टानं घट्ट केली होती, आणि पाठीला जास्तीची उशी शिवून घेतलेली. वामनसारख्या ताडमाड माणसानं आपल्या गाडीची सीट अशी का ठेवावी? मग दाराबाहेरच्या कडेखाली पाहिलं. वरून धुतलं होतं, पण कडेखाली विड्याच्या पिंकेचे जुने ओघळ सुकलेले. चालत्या गाडीतून डोकं बाहेर काढून थुंकणाऱ्याचे. वामनला सहज विचारलं, पान खाता का? तो म्हणाला, शिवत नाही.

राहिला होता पंप. या गाडीत टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडं ढकलायला विजेचा एक छोटा पंप असतो. किल्ली फिरवली की तो टिकटिक करतो आणि मग इंजिन उठतं. गारठ्यात उभा राहिला की तो कधीकधी अडकून बसतो, टिकटिक करतच नाही. मग त्याला हलकासा ठोका द्यावा लागतो. या पंपाची ही खोड मला मिलिटरीपासून माहीत. सीटमागची फळी उचलली, तर पंपाच्या डोक्यावर ठोक्यांचे वळ होते. आणि ते वळ हातोडीचे नव्हते. चंद्रकोरीसारखे होते.

मी फळी खाली ठेवली आणि अंगणाकडं पाहिलं. मनोहर टाकटाक करत फेऱ्या मारत होता. वामनच्या पायात साध्या वहाणा होत्या.

आता सगळं लख्ख झालं. गाडी वामनची नव्हतीच. गाडी नवरदेवाची होती. सासऱ्याच्या बांधीचे पैसे मित्राच्या हातून स्वतःच्या खिशात घालायचे, आणि वर लग्नात तीच गाडी मानानं परत घ्यायची. पुढं कळलं की त्याचं पत्त्यांत बरंच उधार झालं होतं.

त्या संध्याकाळी मी माझ्या पाण्याच्या बाटलीकडं पाहत बसलो. मला विचारलं होतं गाडीबद्दल, आणि गाडीत काहीच वाईट नव्हतं. "गाडी उत्तम" म्हणून गप्प बसावं तर ते खरंच होतं. आणि त्या खऱ्यापायी एका घराची बांधी जाणार आणि ती खट्याळ डोळ्यांची मुलगी एका लबाडाच्या घरात पडणार. उघड सांगावं तर पुरावा काय? सीट, थुंकी आणि बुटाचे वळ. वामन म्हणाला असता, मी उभ्यानं गाडी चालवतो. वर लग्न मोडल्याचा डाग मुलीकडं. माझा संताप झाला, आणि संताप झाला की मला गंमत सुचते. बळीभाऊंना एवढंच म्हणालो की सकाळी गाडी उठवायला सगळ्यांना बोलवा, आणि उठवायची ती मालकानंच. बाकी काही सांगितलं नाही.

सकाळी दाट धुकं होतं. मोटारीवर दव साचलं होतं. अंगणात अर्धं गाव जमलं, बाया ओसरीवर, कौसल्या दाराच्या चौकटीला टेकून. वामननं गुडघे कसेबसे आत कोंबले आणि किल्ली फिरवली. टिकटिक नाही. पुन्हा फिरवली. नाही. मग हँडल मारलं. इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प. वामनला घाम फुटला. मी हात बांधून ओट्यावर बसलो होतो.

मनोहर आधी दातांनी पान चावत होता, मग ओठ चावू लागला. वामन भलत्याच जागी लाथ मारायला लागला तेव्हा तो एक पाऊल पुढं आला आणि परत मागं गेला. बळीभाऊ सगळं पाहत होते. बाजारात बसावेत तसे उकिडवे बसून. मग ते उठले आणि गड्याला शांतपणे म्हणाले, "जुंप रे बैल."

हे मला सुचलं नव्हतं, हे प्रामाणिकपणे सांगतो. माझा बेत नुसता पंपापर्यंतचा होता. गड्यानं त्यांची जोडी आणली, एरवी पटाच्या शर्यतीत पळणारी, शेपट्या वर करून फुरफुरणारी. जाड काथ्याचा दोर आणला आणि त्या विलायती मोटारीच्या चांदीसारख्या बंपरला दोन वेढे देऊन गच्च गाठ मारली. बैलांनी एक हिसका दिला. बंपर करकरला.

"थांबा, थांबा!" मनोहर ओरडला. जावईपण, मित्र, सगळं विसरून तो धावला. पळतापळता उजव्या पायातला बूट काढला, वामनला बखोटीला धरून बाहेर ओढलं, सीटमागची फळी न पाहताच उचलली, आणि नालाच्या कडेनं दोन ठोके दिले. एक हलका, एक जरा जोरात. आत टिकटिक सुरू झाली. सीटवर बसला, ती त्याच्या अंगाला अंगरख्यासारखी बसली. किल्ली फिरवली आणि गाडी गुरगुरत उठली. त्यानं समाधानानं मान बाहेर काढली आणि दारावरून पचकन थुंकला.

मग त्याला सगळं गाव दिसलं.

एका पायात बूट, एका पायात मोजा, हातात दुसरा बूट. बळीभाऊ गाडीजवळ गेले. बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा त्यांनी बॉनेटवरून हात फिरवला. म्हणाले, "बजारात बैलाचा वाद झाला, तं आमी त्याची दोरी सोडून देतो. ज्याच्या हाकेनं बैल उठते, त्याचा तो बैल." मग माझ्याकडं वळले. "सांगा मिस्त्री तुमचं मत."

मी ओट्यावरून उठलो, घसा साफ केला आणि माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं मत दिलं. गाडी उत्तम आहे, म्हणालो. इंजिन उत्तम, चासी उत्तम. फक्त बळीभाऊ, ही तुम्ही विकत घेऊ नका, कारण ही जावईबापूंच्या घरची आहे. लग्न झालं की कौसल्याबाईंसोबत आपोआपच तुमच्या नात्यात येईल. बांधी कशाला विकता?

बळीभाऊंनी मान हलवली. बाजारात सौदा मोडायला हलवतात तशी नव्हे, चांगली उभी. "खरं हाय," ते म्हणाले. "जावईबापू, मोटार तं घरातच हाय. मंग लगन ठरल्या दिवशीच करू. आमची ना नाई." दाराच्या चौकटीपाशी कोणीतरी फिसकन हसलं. ते कोण होतं ते मी पाहिलं.

मनोहरनं बूट घातला. वडिलांना विचारून कळवतो, असं काहीतरी पुटपुटला. वामन मुकाट्यानं शेजारी बसला, या खेपेला पाय लांब करून. धुक्यातून लाल गाडी गेली आणि नालांचा आवाजही गेला. पुढं, बांधीचे पैसे काही मिळत नाहीत म्हटल्यावर, त्यांच्याकडूनच निरोप आला की हे स्थळ जमत नाही. लग्न मुलाकडच्यांनी मोडलं, त्यामुळं कौसल्येकडं कोणी बोट दाखवू शकलं नाही. आणि बांधी बळीभाऊंकडंच राहिली.

त्या सकाळी मला चहा मिळाला. आता मत झालं होतं. कौसल्येनं पितळेचा मोठा पेला भरून आणला आणि माझ्या बाटलीतलं पाणी हसत हसत अंगणातल्या तुळशीला घातलं. म्हणाली, "मिस्त्रीभाऊ, मानसं पायता येत नाई म्हनत होते. आता पुढचं स्थळ पाहाले तुमालेच बोलावतो."

मी ते थट्टेवारी नेलं. पण पोरीनं शब्द पाळला.

ती लाल गाडी मी आणखी एकदाच पाहिली. सिंदेवाहीकडं एका धानगिरणीमागं उघड्यावर पडली होती. मनोहरनंतर कोणी घेतली, कोणी टाकली, देव जाणे. हेडलाइट गेले होते, आणि त्या पुढं ओढलेल्या सीटवर एक कोंबडी अंड्यावर बसली होती. मी बराच वेळ तिथं उभा राहिलो. त्या गाडीचा काहीच दोष नव्हता. मी तिला नापास केलं नव्हतं, तरी तिचा सौदा माझ्याच तोंडून मोडला होता, आणि मी ती स्वतः घेऊ शकलो असतो असंही नाही. धंद्यातली ही एकच गाडी माझ्या मनात रुतून बसली आहे. कोंबडीनं मला चोच मारली तेव्हा मी निघालो.

बळीभाऊंचं बोलावणं आलं ते पुढच्या वर्षी, धान कापून झाल्यावर. आरमोरीला जायचं होतं. मुलगा शाळामास्तर. त्याच्याकडं मोटार नव्हती, घोडा नव्हता, होती एक जुनी सायकल. आणि कौसल्येनं हट्टच धरला होता की बिनचहाच्या मिस्त्रीनं ती सायकल तपासल्याशिवाय सुपारी फोडायची नाही. बळीभाऊंनी माझ्याकडं पाहून हात पसरले. ते बैलापुढं कधी हरले नव्हते, लेकीपुढं हरले होते.

मास्तरच्या आईनं चहा पुढं केला. मी हात जोडले. मग पिशवीतून पाना काढला आणि चेहरा करता येईल तेवढा कडक केला. मास्तर सायकल घेऊन अंगणात आला. किडकिडीत, केसांना भरपूर तेल, कपाळावर घाम. सायकल तो भिंतीला टेकवायचंही विसरला, तशीच हातात धरून उभा राहिला. मी अजून तिला हातही लावला नव्हता.

"मिस्त्रीभाऊ, आधीच सांगून देतो," तो म्हणाला. "पुढचा ब्रेक लागत नाई. चेन उतरते. उतारावर मी पायानं थांबवतो. मागचं चाक जरासं डुलते, पन सवय झाली का समजत नाई. अजून एक हाय, घंटी वाजत नाई, मी तोंडानंच बाजू व्हा म्हनतो."

इतक्या वर्षांत मी किती विकणारे, किती मालक पाहिले असतील. मिशीवाले, टोपीवाले, देवाची शपथ घेणारे, भुसा ठासणारे. विचारायच्या आधी आपल्या गाडीची खोड सांगणारा एकही भेटला नव्हता. मी पाना परत पिशवीत ठेवला. मग वाकून उगाच मागचं चाक फिरवलं.

मी एवढंच म्हणालो की एक खोड सांगायची तुम्ही विसरलात. मास्तर घाबरला. "कोनती जी?"

मागं कॅरियर नाही, मी म्हणालो.

तो लाजला. "एकटाच फिरत होतो न आतापर्यंत," म्हणाला. "लागलंच नाई."

वडशाच्या दुकानातून मी एक कॅरियर आणलं, मजबूत, मिलिटरीच्या बोल्टांनी बसवलं, आणि वर बळीभाऊंच्या घरच्या गोधडीची घडी बांधली. लग्नाचा आहेर म्हणून. पुढं कित्येक वर्षं आरमोरीच्या रस्त्यावर ती दोघं तशी जाताना लोकांनी पाहिली. मास्तर पायडल मारायचा, कौसल्या मागं बसून "बाजू व्हा" म्हणायची.

पण ते नंतरचं. त्या दिवशी अंगणात मी बळीभाऊंकडं वळलो आणि म्हणालो, पास. मग मास्तरच्या आईकडं चहा मागितला. साखर जरा जास्तच होती, पण त्यावर माझं मत कोणी विचारलं नव्हतं.